कॅनूतील बैठक नवशिक्यासाठी सुखकर कशी करावी? खान्देशातील वल्हेकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेजमुळे अडलेले पाणी, हतनूर आणि वाघूर धरणांचे जलाशय यांमुळे खान्देशात संथ पाण्याची वाण नाही. अशा पाण्यात कॅनू शिकू पाहणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा वल्ह्याविषयी नसते. ती कंबर, गुडघे आणि बधिर होणारे पाय यांच्याविषयी असते. पुढील उत्तरे उघड्या, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायच्या कॅनूसाठी आहेत. कयाकमध्ये पाय पुढे पसरून तळाशीच बसावे लागते, त्यामुळे तेथील बैठकीचा विचार वेगळा करावा लागतो.

कॅनूत अर्ध्या तासातच पाठ का भरून येते?

खुर्चीत बसताना पाठीला आधार असतो आणि पाय जमिनीवर सुखाने टेकलेले असतात. कॅनूची बैठक बहुधा होडीच्या काठांपासून खाली लोंबकळती बसवलेली असते, ती तळापासून फार उंच नसते आणि मागे टेकू नसतो. अशा वेळी गुडघे कंबरेच्या पातळीला किंवा त्याहून वर येतात, मांडीमागचे स्नायू ताणले जातात आणि ते कंबरेचे हाड मागे ओढतात. कंबर मागे कलली की पाठीला पोक येतो, आणि पोक काढून वल्हे मारले की सगळा भार खांद्यांवर व कंबरेच्या खालच्या मणक्यांवर पडतो. दिवसभर दुकानात, कार्यालयात किंवा मोटारसायकलवर बसणाऱ्या माणसाचे मांडीमागचे स्नायू आधीच आखडलेले असतात, म्हणून त्याला हा त्रास लवकर होतो.

यावर मऊ उशी हा बहुतेकांना सुचणारा उपाय आहे, आणि तो बहुतेक वेळा अपुरा ठरतो. कंबर किंचित पुढे झुकलेली राहील, पायांना टेकायला काही असेल आणि दर थोड्या वेळाने बसण्याची ढब बदलता येईल, या तीन गोष्टी जमल्या की कडक लाकडी बैठकसुद्धा सहन होते. त्या जमल्या नाहीत तर चार इंचांचा फोमही कामी येत नाही.

बैठक किती उंच असावी?

येथे आराम आणि स्थैर्य यांची ओढाताण असते. बैठक उंच असेल तर गुडघे कमी दुमडतात, पाठ सरळ राहते आणि काठावरून वल्हे मारणे सोपे जाते. परंतु शरीराचा भार वर गेल्यामुळे होडी अधिक डुलते. बैठक खाली आणली तर होडी शांत होते, पण उंच माणसाचे गुडघे छातीजवळ येतात. एक-दीड इंचाचा फरकसुद्धा नवशिक्याला स्पष्ट जाणवतो, म्हणून बदल थोडाथोडा करावा.

ज्याला पाण्याची भीती वाटते, त्याने आरंभी बैठक थोडी खालीच ठेवावी, असे माझे मत आहे. घाबरलेला माणूस अंग आवळून बसतो आणि आवळलेले अंग कोणत्याही बैठकीवर दुखते. होडीवर विश्वास बसला की बैठक वर नेता येते. लाकडी बैठक बहुधा लांब बोल्टांवर आणि मधल्या लाकडी ठोकळ्यांवर टांगलेली असते. ठोकळ्यांची उंची बदलली की बैठकीची उंची बदलते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत आणि नटाखाली रुंद वॉशर घालावा. साधे लोखंडी बोल्ट गंजून लाकडात अडकतात आणि पुढच्या वेळी काढताना लाकूड फुटते.

खाली आणण्याला एक मर्यादा आहे आणि ती ओलांडू नये. गुडघ्यांवर बसणाऱ्याची पावले बैठकीखाली जातात. होडी उलटली तर ती पावले क्षणात बाहेर निघाली पाहिजेत. म्हणून पाण्यात वापरणार तेच बूट घालून, पावले बैठकीखाली सरकवून, ती न अडकता मागेपुढे निघतात की नाही हे जमिनीवर पाहावे. बूट जरा जरी अडकत असेल तर बैठक वर घ्यावी. आरामासाठीही या बाबतीत तडजोड करू नये.

घरची कापसाची गादी किंवा उशी चालेल का?

खान्देशात कापूस मुबलक आहे आणि जुन्या गादीचा तुकडा प्रत्येक घरात सापडतो, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. तरीही उत्तर नकारार्थी आहे. कापूस पाणी शोषतो, जड होतो, लवकर वाळत नाही आणि ओल्या गादीवर घासून कातडी सोलवटते. सोफ्यातील साधा स्पंजही असाच पाणी पितो. शिवाय जाड गादी बसणाऱ्याला दोन-तीन इंच वर उचलते, म्हणजे बैठक उंच केल्याचे सर्व तोटे नकळत पदरी पडतात. आणि ती सुटी असल्याने जोरात वल्हे मारताना सरकते.

जळगावात तयार होणारी प्लास्टिकची चटई घडी करून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. ती पाणी शोषत नाही हे खरे. परंतु ओली झाल्यावर अंगाखालून निसटते. बैठकीवर तिचा उपयोग नाही. होडीतून उतरल्यावर काठावर बसण्यासाठी ती उत्तम.

मग कोणता फोम घ्यावा आणि तो कसा बसवावा?

ज्याच्या आतील पोकळ्या बंद असतात आणि ज्यात पाणी शिरत नाही, असा फोम घ्यावा. योगासनांच्या काही चटया आणि चपलांचे तळ ज्या ईव्हीएचे, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचे असतात, तो याच जातीचा आहे. मोटारसायकलच्या सीटा शिवणाऱ्या कारागिरांकडे किंवा चपलांचे साहित्य विकणाऱ्या दुकानात त्याच्या शीट मिळू शकतात. घेण्यापूर्वी लहान तुकडा पाण्यात दाबून सोडावा. पिळल्यावर पाणी निघाले तर तो परत करावा.

बैठकीसाठी १० ते १५ मिलिमीटर जाडी बहुतेकांना पुरते, गुडघ्यांखाली मात्र २० ते २५ मिलिमीटर घ्यावी. फार मऊ फोम काही वेळातच दबून कागदासारखा होतो. बोटाने दाबल्यावर थोडा विरोध करणारा फोम अधिक काळ टिकतो. पुढची कड गोल तासावी, कारण चौकोनी कड मांडीखाली रुतते.

लाकूड किंवा फायबरच्या पृष्ठभागावर फोम सोल्युशनने चिकटवता येतो. दोन्ही बाजूंना पातळ थर लावून, तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यावा आणि मग दाबून बसवावा. हे काम मोकळ्या हवेत करावे, कारण त्याचा वास बंद खोलीत डोक्यात जातो. होडी पॉलिएथिलीनची असेल तर गोंदावर विसंबू नये. त्या प्लास्टिकला बहुतेक गोंद नीट धरत नाहीत. तेथे बैठकीभोवती आखूड पट्टा आणि बकल किंवा वेल्क्रो हाच मार्ग बरा. पट्ट्याची लोंबणारी टोके कापून टाकावीत, म्हणजे त्यात पाय गुंतणार नाही.

हवा भरायची उशी वापरायची असेल तर ती अर्धवटच भरावी. टम्म फुगलेल्या उशीवर बसणारा स्वतःच डुलतो आणि दोष मात्र होडीला देतो.

गुडघ्यांवर बसूनच वल्हवावे, असे का सांगतात? आम्हाला वज्रासनाची सवय आहे, ते पुरेसे आहे का?

गुडघ्यांवर बसले की शरीराचा भार खाली येतो, दोन गुडघे आणि बैठकीच्या कडेवर टेकलेला पार्श्वभाग असे तीन ठिकाणी होडीशी नाते जुळते आणि डुलणारी होडी कंबरेतून सावरता येते. वाऱ्याने लाटा उठल्या तर अनुभवी माणूसही गुडघ्यांवर येतो. स्पर्धेच्या कॅनूमध्ये तर खेळाडू एका गुडघ्यावर बसून दुसरा पाय पुढे रोवतात. २०२३ साली हांगझोउ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांनी १००० मीटर दुहेरी कॅनू शर्यतीत भारताला कांस्यपदक मिळवून दिले, ते याच पद्धतीने. नवशिक्याने मात्र ती ढब उचलू नये. शर्यतीच्या अरुंद होडीसाठी आणि वर्षानुवर्षांच्या सरावासाठी ती आहे.

जमिनीवर बसून जेवणाऱ्या, देवळात तासभर मांडी घालणाऱ्या आपल्या लोकांना गुडघे दुमडण्याचे वावडे नसते, आणि हा मोठा फायदा आहे. परंतु वज्रासनात आणि कॅनूतील बैठकीत महत्त्वाचा फरक आहे. वज्रासनात गुडघे जुळलेले असतात आणि सगळा भार टाचांवर येतो. कॅनूत गुडघे एकमेकांपासून दूर, होडीच्या दोन्ही बाजूंकडे सरकवलेले असावेत, भार मुख्यत्वे बैठकीच्या पुढच्या कडेवर असावा आणि टाचा मोकळ्या राहाव्यात. टाचांवर बसून वल्हवल्यास घोटे लवकर बधिर होतात आणि गुडघे जवळ असल्यामुळे स्थैर्यही मिळत नाही.

या ढबीसाठी बैठकीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा साधारण पाऊण ते एक इंच खाली असावी. सपाट बैठकीची कड मांडीत रुतते. कललेली बैठक अंग आपोआप पुढे नेते आणि कंबर सरळ ठेवते. पुढच्या ठोकळ्यांची उंची वाढवून हा उतार देता येतो, आणि पूर्वी सांगितलेली पावलांची तपासणी त्यानंतर पुन्हा करावी. माझ्या मते नवशिक्याच्या कॅनूतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल हाच आहे. बसून वल्हवणाऱ्यालाही थोडा उतार सोसतो, पण तो फार वाढवला तर माणूस पुढे घसरू लागतो.

गुडघे दुखतात, मग कॅनू सोडून द्यावी का?

मुळीच नाही. गुडघ्यांचा संधिवात किंवा जुनी इजा असणाऱ्याने बैठकीवर बसूनच वल्हवावे, रुंद आणि सपाट तळाची होडी घ्यावी आणि शांत पाण्यात राहावे. एक पाय पुढे व एक दुमडलेला, आणि थोड्या वेळाने त्यांची अदलाबदल, ही मधली ढब अनेकांना मानवते. बैठक शरीराप्रमाणे घडवायची असते, शरीराने बैठकीप्रमाणे मोडायचे नसते. पॅराकॅनूमध्ये, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या कॅनू शर्यतीत, तर खेळाडूच्या शरीराप्रमाणे बैठक आणि आधार बसवणे हा तयारीचाच भाग असतो. मध्य प्रदेशातील प्राची यादव २०२१ साली झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्या खेळात भारताचे प्रतिनिधित्व करणारी पहिली खेळाडू ठरली.

वल्हवणे थांबवल्यानंतरही बधिरपणा राहत असेल, किंवा कंबरेतून निघालेली कळ गुडघ्याखाली उतरत असेल, तर फोम बदलत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

पाठटेकू लावावा का?

लावावा, पण बुटका. वल्ह्याचा जोर दंडातून यायला नको, तो कंबरेच्या वरचे धड वळवून यायला हवा. खांद्यापर्यंत येणारा टेकू हे वळणे अडवतो आणि माणूस केवळ हातांनी पाणी ओढू लागतो. पट्टा बांधतो त्या पातळीच्या थोडा वर, कंबरेच्या खोबणीला आधार देणारा टेकू पुरे. विसावा घेताना त्यावर रेलावे आणि वल्हवताना त्याला फक्त स्पर्श असावा.

लाइफ जॅकेट घालूनच टेकू तपासावा. जॅकेटच्या पाठीचा जाड फोम टेकूवर बसला की जॅकेट वर ढकलले जाते, हनुवटीला टोचते, आणि मग लोक ते काढून ठेवतात. टेकू आणि जॅकेट यांत भांडण लागले तर टेकू काढावा.

पाय कोठे टेकावेत? पायांना मुंग्या येतात त्याचे काय?

बसून वल्हवताना पाय अधांतरी राहिले तर प्रत्येक फटक्याला अंग बैठकीवरून पुढे सरकते आणि ते थोपवण्यात कंबर थकते. पायांना पुढे काहीतरी टेकायला द्यावे. होडीच्या तळावर आडवी बसवलेली लाकडी दांडी उत्तम. जळगाव जिल्ह्यात पीव्हीसी पाइप सहज मिळतो, त्याचा तुकडाही दोन्ही टोकांना घट्ट बसवून चालतो. गुडघे किंचित दुमडलेले राहतील अशा अंतरावर ती दांडी असावी. पाऊल दांडीखाली शिरून अडकेल एवढी फट तेथे ठेवू नये. तेवढी खटपट नको असेल तर कपड्यांनी भरलेली पाणीरोधक पिशवी पुढे ठोकून बसवावी.

मुंग्या येण्याचे कारण बहुधा बैठकीची पुढची कड असते. ठेंगण्या व्यक्तीचे पाय तळावर नीट टेकत नाहीत, मांड्या कडेवर लोंबतात आणि तेथील नस दबते. टाचांखाली फोमचा तुकडा देऊन पाय उचलले की हा त्रास पुष्कळ कमी होतो. मागच्या खिशातील पाकीट किंवा मोबाइल हेही एक नेहमीचे कारण आहे. होडीत बसण्यापूर्वी मागचे खिसे रिकामे करावेत.

वेताची, नवारीची की प्लास्टिकची बैठक घ्यावी?

खान्देशच्या हवेला माझ्या मते नवारीची बैठक मानवते. ती अंगाच्या भाराने थोडी लवते, खालून वारा लागतो, पाणी साचत नाही आणि सैल झाली तर गावातच पुन्हा विणून घेता येते. मात्र बाजेची सुती नवार होडीला वापरू नये; ती सतत भिजल्याने कुजते. नायलॉनची नवार ओली झाल्यावर सैल पडते, पॉलिएस्टरची तितकी पडत नाही. स्वस्त पॉलिप्रॉपिलीनची पट्टी उन्हात लवकर कडक होऊन तुटते.

वेताची बैठक सुंदर आणि हवेशीर असते, परंतु तिला अधूनमधून वार्निश लागते आणि गुडघा जोराने टेकला तर विण फाटते. साच्यातील प्लास्टिकची खोलगट बैठक टिकाऊ असते, पण तिचा खळगा ठरावीक रुंदीच्या अंगालाच बसतो आणि त्यात पाणी साचते. तिला तळाशी पाणी निघण्यासाठी छिद्रे पाडून घ्यावीत.

उन्हात बैठक तापते, काय करावे?

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि काठावर पडलेल्या होडीतील काळा फोम किंवा अॅल्युमिनियमची बैठक अक्षरशः चटका देते. फिकट रंगाचा फोम घ्यावा, होडी पालथी घालून सावलीत ठेवावी आणि बसण्यापूर्वी बैठकीवर पाणी ओतावे. रेक्झिनचे आवरण टाळावे. ते तापते, खाली घाम साचवते आणि ओले झाल्यावर निसरडे होते. उन्हाळ्यात पहाटे निघून ऊन चढण्याआधी परतावे. उत्तम बैठकही भर दुपारच्या झळांवर उपाय नाही.

कपडे कोणते असावेत?

जीन्स नको. तिच्या जाड शिवणी ओल्या झाल्या की मांडीला घासतात. पातळ, लवकर वाळणारी आणि मांडीखाली शिवण नसलेली ट्रॅक पँट बरी. सलवारीचा घोळ किंवा ओढणी बैठकीच्या बोल्टात अडकणार नाही याची काळजी घ्यावी.

दोघांची होडी एकट्याने चालवताना कोठे बसावे?

मागच्या बैठकीवर एकटे बसल्यास होडीचे पुढचे टोक वर उचलले जाते आणि दुपारच्या वाऱ्यात ती हवी तिकडे वळत नाही. तो झगडा करताना पाठ दुखणारच. अनेक कॅनूंमध्ये पुढच्या बैठकीवर उलटे, म्हणजे मागच्या टोकाकडे तोंड करून बसले की भार मध्याच्या जवळ येतो. मध्ये दोन काठांना जोडणारी आडवी पट्टी नसेल आणि पाय ठेवायला जागा असेल तेव्हाच हे जमते. अन्यथा समोरच्या टोकाला पाण्याचा भरलेला कॅन घट्ट बांधून भार सारखा करावा. माणसाने मात्र स्वतःला बैठकीला कधीही बांधून घेऊ नये.

लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील तर?

मुलांना मध्यभागी तळावर, फोमच्या जाड तुकड्यावर बसवावे. आडव्या पट्टीवर बसू देऊ नये, कारण ती बैठक नव्हे आणि ती उंचही असते. वडीलधाऱ्यांना तळावरील बुटकी, टेकू असलेली बैठक द्यावी आणि गुडघ्यांखाली गुंडाळलेला फोम ठेवावा. पाय सरळ पसरून बसवले तर त्यांची कंबर मागे ओढली जाते. सर्वांच्या अंगावर मापाचे लाइफ जॅकेट असावे. तरंगणारी उशी ही त्याला पर्याय नाही.

नवी बैठक पाण्यात नेण्यापूर्वी कशी तपासावी, आणि पहिल्या दिवशी किती वेळ बसावे?

होडी दगडधोंड्यांवर ठेवून आत बसू नये, तळ फुटतो. जुने टायर किंवा गोणपाटाच्या जाड घड्या घालून त्यावर ती ठेवावी, जॅकेट आणि बूट घालून आत बसावे आणि वीस मिनिटे वल्हवण्याची हालचाल करावी. कोठे रुतते, काय सरकते, पाय निघतात की नाही, हे बहुतेक येथेच कळते. त्यानंतर कंबरेपेक्षा कमी पाण्यात, सोबतीला जाणकार घेऊन, एकाच वेळी एकच बदल करून पाहावा. उंची, उतार आणि फोम एकदम बदलले तर गुण कशामुळे आला हे समजत नाही.

आरंभी अर्धा तास पुरे. दर दहा-पंधरा मिनिटांनी बसून आणि गुडघ्यांवर अशी ढब बदलावी. बदलण्यापूर्वी जोडीदाराला सांगावे, वल्हे काठांवर आडवे ठेवावे, दोन्ही काठ धरून अंग खाली ठेवत हलावे. जलाशयात उतरण्यासाठी लागणारी परवानगी संबंधित विभागाकडून आधी घ्यावी. पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडले की तापीचे पाणी खाली झपाट्याने वाढते, म्हणून त्या दिवसांत नदीपात्रात बैठकीची चाचणी घेऊ नये. हिवाळ्यातील सकाळी, वारा पडलेला असताना, त्यासाठी भरपूर मिळतात.